कंठ काढला, तरी बोलणे राहते

गळ्याच्या घाटीवर दोन बोटे ठेवा. मोठ्याने "आ" म्हणा. बोटांना थरथर लागते ना? तो आपला कंठ. आता कुजबुजत "पाणी" म्हणा. थरथर लागली नाही, तरी शेजारच्याला शब्द कळला. म्हणजे आवाज कंठात होतो, पण शब्द घडतात तोंडात.

काहींच्या कंठाला कर्करोग होतो. विडी, तंबाखू आणि दारू ही त्याची मोठी कारणे. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला, तर दवाखाना गाठावा. रोग लवकर सापडला, तर पुष्कळदा कंठ वाचतो. फार वाढला, तर डॉक्टर सगळा कंठ काढतात. कर्करोगासाठी असे ऑपरेशन १८७३ साली व्हिएन्ना शहरात बिलरोथ नावाच्या डॉक्टरांनी केले.

कंठ काढल्यावर श्वासनळीचे तोंड गळ्यावर पुढे आणून शिवतात. माणूस तेथूनच श्वास घेतो. छातीतला वारा तोंडात येत नाही, म्हणून कुजबुजताही येत नाही. चूल फुंकता येत नाही. वास नीट येत नाही. बैलांना हाक देता येत नाही. घरचे म्हणतात, "आता यांचं बोलणं संपलं." मग बाजारात, पंचायतीत तेच त्यांच्या वतीने बोलतात. हे बरे नव्हे. जीभ आणि ओठ शाबूत आहेत. फक्त थरथर दुसरीकडून आणायची आहे.

एक रीत ढेकरासारखी. तोंडातला वारा अन्ननळीत ढकलायचा आणि परत सोडताना बोलायचे. याला पैसा लागत नाही, पण शिकायला महिने लागतात. सर्वांनाच ते साधते असे नाही. दुसरी रीत यंत्राची. सेलवर चालणारे नळकांडे हनुवटीखाली धरायचे. आवाज घरघरीत, एकसुरी येतो.

तिसरी रीत झडपेची. १९८० साली अमेरिकेतील सिंगर आणि ब्लॉम यांनी ती जगापुढे मांडली. श्वासनळी आणि अन्ननळी यांच्यामध्ये लहान झडप बसवतात. गळ्याचे छिद्र अंगठ्याने दाबले, की छातीतला वारा झडपेतून वर जातो आणि आवाज उमटतो. पाणी पिताना ठसका लागू लागला, तर झडप गळते आहे असे समजावे. ती काही महिन्यांनी बदलावी लागते. तो खर्च आधीच विचारून ठेवावा.

आवाज कितपत सुधारला, हे वाचा-उपचार करणारे तपासतात. एका दमात "आ" किती वेळ टिकतो? आकडे कुठवर मोजता येतात? पण खरी परीक्षा परक्या माणसाच्या कानाची. घरच्यांना सवयीने सगळे कळते, वाणीदादाला कळते का? आणि रोग्यालाही विचारतात, "तुमचं समाधान आहे का?" बायकांना आपला आवाज पुरुषी झाला याचे फार वाईट वाटते. ते त्यांनी मोकळेपणी सांगावे. मुंबईच्या टाटा रुग्णालयात हे शिक्षण मिळते.

तो बोलत असताना रेडिओ बंद करा. त्याच्या ओठांकडे पाहा. त्याचे वाक्य तुम्ही पुरे करू नका.

अंघोळीत छिद्रात पाणी जाऊ देऊ नये. विहिरीत पोहणे तर नाहीच. असा माणूस बेशुद्ध पडला, तर आधी गळ्याचे छिद्र मोकळे करा. त्याचा श्वास तेथून चालतो.