बेडकाच्या कातडीतलं औषध आणि आपल्या सहा महिन्यांच्या गोळ्या

मैत्रिणींनो, मागच्या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशोब झाल्यावर एका ताईंनी मोबाइल पुढे केला. मेसेज होता : ‘बेडकाच्या कातडीपासून टीबी आणि फुप्फुसाच्या कॅन्सरवर औषध’. त्यांच्या सुनेला टीबीच्या गोळ्या सुरू होऊन दोन महिने झालेत. गोळ्यांनी मळमळतं, खोकला तर थांबलाय. ताई म्हणाल्या, “मग या गोळ्या बंद करून त्या नव्या औषधाची वाट बघितली तर?” म्हणून हा विषय.

मेसेज अगदीच खोटा नाही. 1987 मध्ये अमेरिकेतले शास्त्रज्ञ मायकेल झॅस्लॉफ यांच्या लक्षात आलं, की शस्त्रक्रिया करून घाण पाण्यात सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत नाहीत. शोधल्यावर कातडीत जंतू मारणारे पेप्टाइड सापडले. पेप्टाइड म्हणजे प्रथिनाचा छोटा तुकडा. प्रथिन ही लांबलचक माळ धरली, तर हा तिच्यातला थोड्या मण्यांचा सर. असे पेप्टाइड आपल्या अंगातही तयार होतात. त्यातल्या एकाचं नाव एलएल-37, कारण त्यात 37 मणी आहेत.

ते काम कसं करतात? जंतूच्या बाहेरच्या पडद्यावर ऋण भार असतो, बॅटरीच्या उण्या टोकासारखा. पेप्टाइडवर धन भार. दोघं चिकटतात, पेप्टाइड पडद्यात घुसतो आणि त्याला भोकं पाडतो. आपल्या निरोगी पेशींच्या बाहेरच्या बाजूला असा भार फारसा नसतो, म्हणून त्या बऱ्याच अंशी वाचतात. कॅन्सरच्या पेशींवर मात्र तो वाढलेला असतो. त्यामुळे एकाच प्रकारच्या औषधाकडून दोन्ही आजारांसाठी आशा धरली जाते.

टीबीचा जंतू मात्र बेरकी. त्याच्या अंगावर मेणासारखा जाड थर असतो, आणि जंतूंना खाऊन टाकणाऱ्या आपल्याच पेशींच्या पोटात तो लपून बसतो. त्या पेशींना ड जीवनसत्त्व मिळालं की त्या एलएल-37 जास्त बनवतात, हे 2006 साली दिसलं. पण गोळ्यांसोबत ड जीवनसत्त्व देऊन पाहिलं, तेव्हा सरसकट सगळे रुग्ण लवकर बरे झाले असं काही दिसलं नाही. प्रयोगशाळेतली बशी वेगळी नि माणूस वेगळा.

अडचणी आणखीही आहेत. पेप्टाइड तोंडाने घेतला तर पोटात डाळीसारखा पचून जातो. मात्रा वाढवली तर काही पेप्टाइड आपल्याच तांबड्या पेशी फोडतात. बनवायला खर्चही फार. आणि गंमत म्हणा की धोका, फुप्फुसाच्या काही गाठींमध्ये हाच एलएल-37 जास्त सापडतो आणि गाठ वाढायला मदत करतो! म्हणजे एकाला तारक, दुसऱ्याला मारक. टीबी किंवा फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी दवाखान्यात देता येईल असं पेप्टाइडचं औषध आज नाही. त्या नावाने कुणी पावडर किंवा इंजेक्शन विकत असेल तर पैसे देऊ नका.

ताईंच्या सुनेचं काय? साध्या टीबीला पहिले दोन महिने चार औषधं आणि पुढचे चार महिने तीन. खोकला थांबला तरी लपलेले जंतू उरतात. मध्येच सोडलं तर तेच औषधाला दाद न देणारे होऊन उलटू शकतात आणि घरातल्या लेकरांपर्यंत पोचू शकतात. मळमळ होत असेल तर आशाताईंना किंवा डॉक्टरांना सांगायचं, गोळी लपवून टाकून द्यायची नाही. तपासणी आणि गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत आहेत. निक्षय पोषण योजनेचे महिन्याला 1000 रुपये रुग्णाच्या खात्यात येतात, तेव्हा खातं चालू आहे का ते बघा.

दोन आठवड्यांवर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, थुंकीत रक्त, यातलं काही असेल तर थुंकी तपासून घ्या. फुप्फुसाच्या कॅन्सरचीही लक्षणं अशीच दिसतात, म्हणून टीबीच्या गोळ्या नीट घेऊनही गुण येत नसेल तर डॉक्टरांना पुन्हा तपासायला सांगा. विडी न ओढणाऱ्या बाईलाही तो होतो, वर्षानुवर्षं चुलीचा धूर हे त्याचं एक कारण आहे.

त्या ताईंनी बैठकीतूनच सुनेला फोन लावला, “आजची गोळी घेतलीस का गं?”