छायाचित्रातील विमान : खरे की बनावट?

छायाचित्र म्हणजे प्रत्यक्ष पुरावा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ऐकीव बातमीवर शंका घेणारा मनुष्यही छायाचित्र पुढे ठेवले की निरुत्तर होतो. परंतु छायाचित्र हेही एक प्रकारचे निवेदनच होय. ते कोणी घेतले, कोठून घेतले, केव्हा घेतले आणि त्याखालची ओळ कोणी लिहिली, हे समजल्याखेरीज त्याचे मोल ठरत नाही. ही पारख शिकण्यासाठी लोकांच्या डोक्यावरून अगदी खालून जाणाऱ्या जेट विमानाचे चित्र हे उत्तम उदाहरण आहे. अशी चित्रे पाहून काही जण चटकन विश्वास ठेवतात, तर काही जण तितक्याच चटकन ती बनावट ठरवितात. दोन्ही निर्णय घाईचे असतात.

माहोचा समुद्रकिनारा

कॅरिबियन समुद्रातील सिंट मार्टेन या बेटावर प्रिन्सेस ज्युलियाना विमानतळ आहे. त्याची धावपट्टी सुमारे २३०० मीटर लांबीची असून तिच्या पश्चिम टोकाला माहो नावाचा समुद्रकिनारा आहे. किनारा आणि विमानतळ यांच्यामध्ये केवळ एक रस्ता व कुंपण आहे. डच विमान कंपनी केएलएमची बोइंग ७४७ जातीची प्रचंड विमाने २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत येथे उतरत असत. पोहणाऱ्या लोकांच्या डोक्याला जणू चाके लागतील, अशी त्यांची चित्रे जगभर पसरली. ती पाहणाऱ्या अनेकांनी ती जुळवाजुळव म्हणून झटकून टाकली. वस्तुतः ही चित्रे खरी आहेत.

साधे गणित केले तर त्यात अशक्य काही नाही, हे दिसून येते. उतरणारे विमान सामान्यतः तीन अंशांच्या उताराने खाली येते. म्हणजे १०० मीटर पुढे जाताना ते सुमारे ५ मीटर खाली उतरते. धावपट्टीचा आरंभ ओलांडताना त्याची उंची साधारणपणे १५ मीटर असावी, असा संकेत आहे. त्यामुळे आरंभापासून १०० मीटर अलीकडे ते सुमारे २० मीटर, म्हणजे सहा-सात मजली इमारतीइतक्या उंचीवर असते. बोइंग ७४७-४०० या विमानाची लांबी सुमारे ७० मीटर व पंखांचा पसारा ६४ मीटर आहे. ज्याची लांबी त्याच्या उंचीच्या तिपटीहून अधिक आहे, अशी वस्तू डोक्यावरून गेली तर ती सारे आकाश व्यापून टाकणारच.

अंतराचा खेळ

चित्रातील आकार पाहताना कॅमेऱ्याचे अंतर विचारात घेणे अत्यंत आवश्यक आहे. मनुष्याची उंची १.७ मीटर धरली, तर ६४ मीटरचा पंखविस्तार तिच्या सुमारे ३८ पट होतो. समजा, मनुष्य उभा आहे आणि विमान त्याच्या १०० मीटर मागे आहे. कॅमेरा मनुष्यापासून १० मीटरवर असेल, तर विमान कॅमेऱ्यापासून ११० मीटरवर राहील व चित्रात ते मनुष्याच्या केवळ साडेतीन पट रुंद दिसेल. हाच कॅमेरा ५०० मीटर मागे नेला, तर विमान ६०० मीटरवर होईल आणि चित्रात ते मनुष्याच्या सुमारे ३२ पट रुंद दिसेल. मनुष्य तोच, विमान तेच आणि त्यांच्यातील अंतरही तेच आहे. बदलली ती फक्त पाहण्याची जागा. दूरवरचे दृश्य मोठे करणारे भिंग वापरले की असे चित्र सहज मिळते. हाँगकाँगच्या काई ताक विमानतळावर १९९८ मध्ये तो बंद होईपर्यंत विमाने दाट वस्तीवरून उतरत असत. घरांच्या गच्च्यांना खेटून गेल्यासारखी दिसणारी त्यांची चित्रे खरीच आहेत. त्यांतील काहींना दूरदर्शी भिंगाने आणखी उठाव दिलेला आहे.

शाळेत हा प्रयोग कॅमेऱ्यावाचूनही करता येतो. ७ मीटर उंचीच्या ध्वजस्तंभापुढे १२ मीटरवर १.४ मीटर उंचीचा विद्यार्थी उभा करावा. दुसऱ्याने विद्यार्थ्यापासून ३ मीटरवरून, हात लांब करून धरलेल्या फूटपट्टीने दोघांची दिसणारी उंची मोजावी. दोन्ही जवळजवळ सारख्या येतील. नंतर ६० मीटर मागे जाऊन पुन्हा मोजावी. आता स्तंभ विद्यार्थ्याच्या चौपटीहून थोडा अधिक भरेल. हे एकदा स्वतःच्या हाताने मोजलेला विद्यार्थी केवळ आकारावरून चित्राला खोटे म्हणणार नाही आणि केवळ आकारामुळे भिणारही नाही.

काय तपासावे?

पहिली कसोटी सावलीची. सूर्याचे किरण पृथ्वीवर जवळजवळ समांतर येतात. म्हणून माणसे, खांब व विमान यांच्यावरील प्रकाशाची दिशा एकच असली पाहिजे. माणसांचा उजवा गाल उजळलेला आणि विमानाची डावी बाजू उजळलेली असेल, तर संशयाला जागा आहे. सूर्य ४५ अंशांवर असताना २० मीटर उंचीवरील विमानाची सावली त्याच्या खालच्या बिंदूपासून २० मीटर बाजूला पडेल. विमान जसजसे उंच जाते, तसतशी सावलीची कड पुसट होत जाते.

दुसरी कसोटी विमानाच्या स्थितीची. उतरणाऱ्या विमानाची चाके बाहेर आलेली, पंखांच्या मागील झडपा खाली झुकलेल्या व नाक किंचित वर असते. चाके मिटलेले, उंच आकाशातून चाललेल्या विमानाचे चित्र कापून किनाऱ्यावर चिकटविले असेल, तर ही विसंगती लगेच ध्यानात येते.

तिसरी बाब स्पष्टतेची. वेगाने जाणारे विमान अस्पष्टच दिसले पाहिजे, असा एक गैरसमज आहे. उतरताना अशा विमानाचा वेग सेकंदाला सुमारे ७५ मीटर असतो. कॅमेऱ्याची झडप सेकंदाच्या हजाराव्या भागापुरती उघडली, तर तेवढ्या वेळात विमान केवळ साडेसात सेंटीमीटर सरकते. भर उन्हात घेतलेले असे चित्र स्वच्छ येणे स्वाभाविक आहे.

चौथी कसोटी नोंदणी-अक्षरांची. प्रत्येक नागरी विमानावर नोंदणीची अक्षरे असतात. भारतीय विमानांवर ती ‘व्हीटी’ने, तर डच विमानांवर ‘पीएच’ने सुरू होतात. अक्षरे वाचता आली, तर ते विमान कोणत्या जातीचे व कोणत्या कंपनीचे, याचा पडताळा घेता येतो.

एक बनावट, एक अस्सल

११ सप्टेंबर २००१ च्या न्यूयॉर्कमधील हल्ल्यानंतर एक चित्र सर्वत्र फिरू लागले. उंच मनोऱ्याच्या गच्चीवर एक पर्यटक उभा आहे व त्याच्या मागून विमान मनोऱ्याकडे येत आहे, असे ते दृश्य होते. जळालेल्या कॅमेऱ्यातून ते मिळाल्याची कथाही त्याला जोडली गेली. परंतु त्या पर्यटकाच्या अंगावर थंडीचे कपडे होते, तर तो दिवस उबदार होता. चित्रातील विमान बोइंग ७५७ होते, तर मनोऱ्यांवर आदळलेली दोन्ही विमाने बोइंग ७६७ जातीची होती. शिवाय पहिले विमान सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी आदळले, तेव्हा पर्यटकांसाठीची गच्ची उघडलेलीच नव्हती. एका हंगेरियन प्रवाशाने १९९७ मधील आपल्या छायाचित्रात मित्रांच्या गमतीसाठी विमान बसविले होते, हे पुढे उघड झाले.

याउलट ७ जुलै १९९९ रोजी प्रशांत महासागरावर अमेरिकी नौदलाच्या एका कर्मचाऱ्याने हॉर्नेट विमानाचे चित्र घेतले. विमानाभोवती पांढऱ्या ढगाचा शंकू दिसतो. पाहणाऱ्याला ते चित्र कृत्रिम वाटते, पण ते अस्सल आहे. दमट हवेत ध्वनीच्या वेगाच्या आसपास विमान जाताना त्याच्याभोवती दाब व तापमान एकदम उतरते आणि बाष्पाचे थेंब बनतात. मात्र ‘ध्वनीचा अडसर तोडतानाचा क्षण’ ही त्याखाली नेहमी येणारी ओळ काटेकोर नाही, कारण असा ढग ध्वनीपेक्षा कमी वेगातही तयार होतो. चित्र खरे आणि ओळ चुकीची, हाही एक वेगळा प्रकार आहे, आणि व्यवहारात तोच अधिक आढळतो.

डोळ्यांच्या पलीकडे

आता संगणकाला वर्णन सांगितले की तो नसलेल्या प्रसंगाचे चित्र तयार करून देतो. त्यात कधी खिडक्यांची रांग वाकडी असते, कधी अक्षरे निरर्थक असतात. पण या चुका दिवसेंदिवस कमी होत आहेत. म्हणून केवळ नजरेवर विसंबून न राहता चित्राचे मूळ शोधणे हाच भरवशाचा मार्ग ठरतो. चित्रावरून चित्र शोधण्याची सोय संगणकावर व भ्रमणध्वनीवर उपलब्ध आहे. तेच चित्र पूर्वी दुसऱ्या प्रसंगी छापले गेले होते काय, हे तिच्यामुळे कळते. २०२५ च्या मे महिन्यात भारत-पाकिस्तान संघर्षाच्या काळात जुनी चित्रे व संगणकीय खेळांतील दृश्ये ताज्या लढाईची म्हणून फिरविली गेली. केंद्र शासनाच्या पत्र सूचना कार्यालयाने २०१९ मध्ये सुरू केलेल्या तथ्य तपासणी कक्षाने त्यांतील अनेकांचा खुलासा केला.

गावपातळीवरील जबाबदारी

विमानाच्या चित्राबाबत चूक झाली तर काय बिघडले, असा प्रश्न कोणी विचारील. माहोच्या किनाऱ्यावरच त्याचे एक उत्तर मिळते. तेथे धोक्याच्या सूचनांचे फलक असूनही २०१७ च्या जुलैमध्ये उड्डाण करणाऱ्या विमानाच्या झोताने फेकली जाऊन न्यूझीलंडच्या एका महिलेचा मृत्यू झाला. खऱ्या चित्राला खोटे मानणाराही खऱ्या धोक्याकडे पाठ फिरवितो.

दुसरे उत्तर अधिक जवळचे व अधिक दुःखद आहे. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, मुले पळविणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. भिक्षेसाठी आलेल्या या माणसांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारण्यात आले. त्या काळात भ्रमणध्वनीवरून फिरणारी चित्रे व चित्रफिती यांनी ठिकठिकाणी भीतीचे वातावरण निर्माण केले होते. ज्या वास्तूत गावाने न्याय व संरक्षण मागावयाचे, तीच वास्तू अशा कृत्याची जागा ठरली, हे विसरता येणार नाही.

यास्तव शिक्षकाने वर्गात, ग्रामसेवकाने चावडीवर आणि पंचायत सदस्याने ग्रामसभेत चार प्रश्न रूढ करावेत : हे चित्र कोठले? केव्हाचे? कोणी घेतले? त्याखाली लिहिलेले चित्रात खरोखर दिसते काय? उत्तर मिळेपर्यंत ते पुढे पाठवू नये व त्यावरून कोणाविरुद्ध पाऊल उचलू नये. संशयित अनोळखी व्यक्ती दिसल्यास पोलीस पाटलाला व ठाण्याला कळवावे. फूटपट्टीने ध्वजस्तंभ मोजणाऱ्या मुलाला लागलेली पडताळ्याची सवय उद्या एखाद्या निरपराध माणसाचे प्राण वाचवू शकेल.