नाक धुण्याची आणि नाकाची वही ठेवण्याची कृती

तेलंगणातल्या नार्नूरकडे कापसाची वेचणी आणि थंडी एकाच वेळी येतात. पहाटे आदिलाबादचा तो हाडात शिरणारा गारठा, दिवसभर वाळक्या बोंडांची धूळ, संध्याकाळी चुलीचा धूर. ज्याचं नाक आधीच नाजूक, त्याची सर्दी मग महिनोन्‌महिने हटत नाही. नाक चोंदतं, घशात कफ उतरतो, वाकलं की कपाळ ठणकतं, फोडणीचा वाससुद्धा येत नाही. घरोघरी यावर एकच उपाय चालतो: वाफारा.

ब्रिटनमध्ये या वाफाऱ्याची रीतसर परीक्षा झाली. ७२ दवाखान्यांतले सायनसचा जुना त्रास असलेले ८७१ रुग्ण घेतले. काहींना वाफ घ्यायला सांगितली, काहींना मिठाच्या पाण्याने नाक धुवायला, काहींना दोन्ही, तर काहींचे नेहमीचेच उपचार चालू ठेवले. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. वाफेने डोकेदुखी जरा हलकी झाली, बाकी काही नाही. नाक धुणाऱ्यांना मात्र सहा महिन्यांनंतरही फायदा दिसत होता. फायदा फार मोठा नव्हता, पण खरा होता. खर्च जवळपास शून्य आणि उकळत्या पातेल्याने लेकरू भाजण्याची भीती नाही. म्हणून माझं सांगणं असं की वाफारा सोडा, नाक धुवा आणि धुतल्याचा हिशेब ठेवा.

पाणी. या कृतीत सगळ्यात जास्त काळजी पाण्याची घ्यायची. मिशन भगीरथ योजनेचा नळ असो, बोअर असो की विहीर, न उकळलेलं पाणी नाकात घालायचं नाही. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट तसंच उकळू द्या, झाकण ठेवा, झाकणाखालीच कोमट होऊ द्या. पाणी फिल्टरचं असलं तरी हेच करायचं. २०११ साली अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यात दोन माणसं दगावली. दोघांनीही नाक धुण्याच्या नेतीच्या भांड्यात साधं नळाचं पाणी वापरलं होतं. त्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा होता. तो पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकावाटे मेंदूत शिरला की माणूस क्वचितच वाचतो.

मीठ. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं माप घ्या, त्यावर ५ मिलीची रेघ असते. घरातल्या चमच्यांचा भरवसा नाही, कुणाचा मोठा तर कुणाचा लहान. बारीक मीठ त्या रेघेपर्यंत भरलं की साधारण ६ ग्रॅम होतं. एक लिटर उकळून निवलेल्या पाण्याला असं दीड माप मीठ, म्हणजे ९ ग्रॅम. आपल्या रक्तातल्या खारटपणाशी हे जुळतं, म्हणून झोंबत नाही. त्यात अर्धं माप खाण्याचा सोडा घाला. धुण्याचा सोडा चुकूनही नको. पाणी मोजायचं ते उकळल्यानंतर, कारण उकळताना ते आटतं. गरम पाणी प्लास्टिकच्या बाटलीत ओतू नका. तरीही झोंबलं तर मीठ जरा कमी करा. उरलेलं पाणी झाकून ठेवलं तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत चालतं, त्यानंतर फेकून द्या.

धुणं. जलनेतीचा लोटा असेल तर उत्तम. नसेल तर मेडिकलमधून २० मिलीची सिरिंज आणा आणि सुई दुकानातच ठेवून या. वेळ संध्याकाळची, शेतातून आल्यावरची. आडवं व्हायच्या निदान तासभर आधी, नाहीतर उशीवर पाणी गळत राहतं.

मोरीपाशी कमरेतून वाका. मान एका बाजूला वळवा, म्हणजे एक नाकपुडी वर आणि एक खाली येईल. तोंड उघडं ठेवून तोंडानेच श्वास घ्या. सगळं कसब इथेच आहे: श्वास रोखला किंवा मध्येच गिळलं की ठसका लागतो आणि पहिल्याच दिवशी माणूस नाद सोडतो. लहान मुलाला शिकवताना त्याला हळू आवाजात ‘आऽऽ’ म्हणत राहायला सांगा; टाळू वर उचलली जाते आणि पाणी घशात उतरत नाही. वरच्या नाकपुडीला लोट्याची चोच अलगद टेकवा आणि पाणी आपल्या वजनाने जाऊ द्या. सिरिंज असेल तर दट्ट्या सावकाश दाबा. काही क्षणांत खालच्या नाकपुडीतून धार सुरू होते, आधी पातळ, मग कधी कधी शेंबडाचा घट्ट पिवळा धागा. अर्धं पाणी संपलं की बाजू बदला. एका नाकपुडीला सुमारे १५० मिली पुरतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ७६ जणांवर झालेल्या आणि २००२ साली छापून आलेल्या चाचणीत हेच माप रोज, सहा महिने वापरलं होतं. तिथलं पाणी मात्र आपल्यापेक्षा दुप्पट खारट होतं.

शेवटी खाली वाका, डोकं दोन्हीकडे हलवा आणि दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हलकेच शिंकरा. एक नाकपुडी दाबून जोर केला की पाणी कानाकडे जातं. लोटा उकळलेल्या पाण्याने धुऊन पालथा वाळत ठेवा. प्रत्येकाचा लोटा वेगळा.

डॉक्टरांनी नाकाचा स्प्रे दिला असेल तर तो धुतल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी मारा. उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, म्हणजे औषध मधल्या पडद्यावर न पडता बाहेरच्या भिंतीवर पडतं. नाक झटक्यात मोकळं करणारे थेंब मात्र पाच-सात दिवसांपलीकडे नकोत. नाक त्यांच्याशिवाय उघडेनासं होतं.

कान फुटला असेल, नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल किंवा दोन्ही नाकपुड्या पूर्ण बंद असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय धुऊ नका.

वही. सर्दीची गोष्ट सांगताना आपण ‘लई दिवसांपासून’ म्हणतो आणि डॉक्टरच्या हाती काहीच लागत नाही. म्हणून शाळेची एक वही घ्या. पहिला आठवडा नाक न धुता फक्त नोंद करा. आधीची स्थिती माहीत नसेल तर फायदा मोजणार कशाशी? चाचण्यांतही सुरुवातीची मोजणी करूनच पुढे जातात. नंतर सहा आठवडे रोज धुवा आणि लिहा.

रोज झोपण्याआधी पाच गोष्टींना ० ते १० गुण द्या: नाक चोंदणं, नाक किंवा कफ वाहणं, चेहरा-कपाळ दुखणं, वास न येणं, झोपमोड. ० म्हणजे अजिबात नाही, १० म्हणजे असह्य. कालचे आकडे हाताने झाकून आजचे लिहा, नाहीतर कालचाच आकडा आज उतरतो. शेजारी दिवसाचं काम टिपा: वेचणी, पऱ्हाटी जाळली, धान्य उफणलं, आणि कोणती गोळी घेतली ते. आकडे इंग्रजी अंकांत लिहिले तर उटनूरच्या दवाखान्यातल्या किंवा आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयातल्या तेलुगू बोलणाऱ्या डॉक्टरांनाही ते दुभाष्याविना वाचता येतात. त्रास बारा आठवड्यांपेक्षा जुना असेल तर तो जुनाट सायनसमध्ये मोडतो. अशा वेळी दुर्बिणीने नाक तपासायला सांगा.

साध्या त्रासाला लगेच अँटिबायोटिक मागू नका. अमेरिकेतल्या सेंट लुइसमध्ये झालेल्या आणि २०१२ साली छापून आलेल्या चाचणीत तीव्र सायनसच्या १६६ प्रौढांपैकी साधारण निम्म्यांना अमॉक्सिसिलिन आणि बाकीच्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी दिली. तिसऱ्या दिवशी दोन्ही गटांत फरक नव्हता, दहाव्या दिवशीही नव्हता. गोळी द्यायची की नाही हे डॉक्टर ठरवतील, आपण हट्ट धरू नये.

वही बाजूला ठेवून त्याच दिवशी निघायचं ते अशा वेळी: डोळा सुजला, एकाचे दोन दिसू लागले, तापात मान आखडली, किंवा मधुमेह असलेल्या माणसाच्या नाकात वा टाळूवर काळी खपली दिसली. ही खपली म्हणजे म्युकरमायकोसिस हा बुरशीचा आजार असू शकतो. मे २०२१ मध्ये तेलंगणा सरकारने तो साथरोग कायद्याखाली अधिसूचित केला होता. मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास येत असेल तर आत हरभऱ्याचा दाणा किंवा मणी अडकलेला असू शकतो. घरी चिमट्याने उकरू नका. तळ्यात डुंबणाऱ्याच्या नाकात लाल, दाणेदार, हात लागताच रक्त येणारा कोंब दिसला तर ऱ्हायनोस्पोरिडिओसिसची शंका घ्या. तो शस्त्रक्रियेनेच जातो.

मोठ्या दवाखान्यात गेल्यावर औषधाच्या चाचणीत नाव घालायला विचारलं तर. नागपूर-हैदराबादच्या मोठ्या रुग्णालयांत नव्या औषधांच्या चाचण्या चालतात. सही करण्याआधी सीटीआरआय या राष्ट्रीय नोंदवहीतला क्रमांक मागा. १५ जून २००९ पासून तिथे नोंद सक्तीची आहे. संमतीपत्र आपल्याला कळेल त्या भाषेत हवं, मराठी असो वा गोंडी. चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लसीच्या प्रकल्पात आदिवासी वसतिगृहांतल्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईबापांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या होत्या आणि २०१० साली तो प्रकल्प थांबवावा लागला. म्हणून सही स्वतःची, वाचून किंवा वाचून घेऊन, आणि एक प्रत घरी आणायची. मधूनच बाहेर पडलात तरी नेहमीचे उपचार तुमच्या हक्काचेच राहतात.