परकी भाषा आणि घरची भाषा

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील माध्यमिक शाळांत परकीय भाषांपैकी सर्वाधिक विद्यार्थी स्पॅनिश शिकतात. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली, तेव्हा जर्मन भाषेचे वर्ग ओस पडले आणि विद्यार्थी स्पॅनिशकडे वळले.

परंतु या देशात स्पॅनिश सर्वस्वी परकी नव्हे. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा विस्तीर्ण प्रदेश अमेरिकेकडे आला आणि त्याबरोबर तेथील स्पॅनिशभाषक रहिवासीही आले. त्यांच्या वंशजांना, तसेच स्थलांतरितांच्या मुलांना, नैर्ऋत्येकडील कित्येक शाळांत १९६० च्या दशकापर्यंत स्पॅनिश बोलल्याबद्दल शिक्षा होत असे. इंग्रजीभाषक मुलांना मात्र तीच भाषा अभ्यासविषय म्हणून शिकवली जाई. मार्च १९६८ मध्ये पूर्व लॉस एंजेलिसमधील हजारो विद्यार्थी वर्गांबाहेर पडले. द्वैभाषिक शिक्षण व मेक्सिकन-अमेरिकन इतिहासाचा अभ्यास या त्यांच्या प्रमुख मागण्यांपैकी होत्या.

पुढे अनेक शाळांनी अशा मुलांसाठी स्वतंत्र वर्ग काढले. कारण त्यांची गरज निराळी असते. नवशिक्याला सलगीचा ‘तू’ आणि आदरार्थी ‘उस्तेद’ यांतील भेद नियमाने शिकावा लागतो. मराठी वाचकाला तो सहज उमगेल. स्पॅनिशभाषक घरातील मुलाच्या तो बहुधा अंगवळणी पडलेला असतो; परंतु आघातचिन्ह कोठे द्यावे, निबंध कसा रचावा, हे त्याला शाळेतच शिकावे लागते.

इंग्रजीबरोबर दुसऱ्या भाषेतही प्रावीण्य मिळवणाऱ्याच्या शालान्त प्रमाणपत्रावर तशी मोहोर उमटवण्याचा कायदा कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये केला. ज्या भाषेसाठी आजोबांना शिक्षा झाली, तिचाच असा गौरव नातवाच्या वाट्याला येऊ शकतो.