पिसाच्या माशीवर पहिला मासा

प्रश्न : कोंबडीचं पीस गळावर बांधून मी नकली माशी तयार केली आहे. मित्र म्हणतात, हा प्रकार थंड प्रदेशातल्या ट्राउटसाठीच असतो. आपल्याकडे मासा लागेल का?
– एक वाचक, अकोला

उत्तर : नक्की लागेल. पाण्यावर पडलेला किडा टिपणारे मासे वऱ्हाडातही आहेत. ट्राउटच हवा असं नाही. सुरुवात लहान चंदेरी माशांपासून करा : बारीक गळ, विरळ पीस, सकाळची किंवा सांजेची वेळ. माशीला वजन नसतं. जाड दोरीचा झोक तिला पुढे नेतो. म्हणून आधी मैदानात, गळाविना सराव करा. मरळीसाठी बेडकासारखी मोठी माशी बांधा. मात्र पावसाळ्यात पिलं राखणाऱ्या मरळीच्या वाटेला जाऊ नका.

जागा जपून निवडा. मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आणि काटेपूर्णा अभयारण्यात गळ टाकू नका. तिथे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू आहे. अनेक तलाव मच्छीमार सहकारी संस्थांकडे ठेक्याने असतात, त्यांची परवानगी आधी घ्या. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाका, डोळ्यांवर चष्मा ठेवा. मासा सोडायचा असेल तर ओल्या हातानेच धरा. पहिल्या दिवशी काही लागलं नाही, तर माशीला दोष देऊ नका. दोरी पाण्यावर अलगद उतरू लागली की मासाही लागेल.