विहीर आटली की आधी काय मोजायचं?



मार्गासनीत पावसाळ्यात ओढे दुथडी वाहतात आणि एप्रिल-मे आला की आपण विहिरीत वाकून तळ बघतो. मग एकच सल्ला मिळतो, "अजून दोन परस खोल काढा." भूजलाचा जाणकार मात्र आधी मोजतो, मग बोलतो. ही सवय मुलांना लावता येते.

आधी हे समजावून सांगा: विहीर म्हणजे टाकी नव्हे. आपल्याकडच्या अखंड काळ्या कातळात पाणी फारसं मुरत नाही. ते भेगांतून आणि मुरमातून झिरपत येतं. म्हणून विहीर खोल केली की साठा वाढतो. झरा वाढेलच असं नाही.

साहित्य: दगड बांधलेली, दर १० सेंमीवर खूण केलेली दोरी, घड्याळ, वही.

कृती: रात्री ९ वाजता पंप बंद करा. काठापासून पाणी किती खाली आहे ते मोजा. सकाळी ७ ला पंप सुरू करण्याआधी पुन्हा मोजा. दोरी मोठ्यांनीच सोडावी, मुलांनी लांब थांबून नोंद करावी.

गणित: समजा, विहिरीचा व्यास ६ मीटर आहे. क्षेत्रफळ साधारण २८ चौरस मीटर येतं (लहान वर्गाला हे आपणच काढून द्यावं). १० तासांत पाणी अर्धा मीटर चढलं, तर २८ × ०.५ = १४ घनमीटर, म्हणजे १४,००० लिटर. तासाला १,४०० लिटर. दिवसाला अंदाजे ३३,६०० लिटर. पाणी चढेल तसा झरा मंदावतो, म्हणून हा अंदाजच.

आता खर्च मांडा. माणशी ५५ लिटर धरले, तर ३०० माणसांना १६,५०० लिटर लागतात. म्हणजे पिण्याला पुरतं! पण तासाला १०,००० लिटर उपसणारा शेतीपंप त्याच विहिरीवर ४ तास चालला, तर ४०,००० लिटर गेले. मग विहीर आटणारच.

बघा, प्रश्न खोलीचा नव्हताच, वाटपाचा होता. न मोजता खोदाई केली असती, तर गावाचा पैसा गेला असता आणि पुढच्या मे महिन्यात हंड्यांची रांग तशीच राहिली असती.

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने हेच केलं. तिथे पाऊस मोजून ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि त्यावरून पिकं ठरवतात.

तुमच्या मुलांच्या वहीतला तक्ता एकदा ग्रामसभेत वाचून दाखवा. करून बघा आणि आकडे नक्की कळवा.