गेमरचा पगार येतो कुठून?

२८ जुलै २०२२ रोजी ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ (बीजीएमआय) हा गेम बंदीमुळे गूगल आणि अ‍ॅपलच्या अ‍ॅप स्टोअरवरून अचानक गायब झाला. ज्यांच्या फोनमध्ये तो आधीपासून होता त्यांना खेळता येत होतं. पण अधिकृत स्पर्धा थांबल्या, प्रायोजकांनी हात आखडता घेतला आणि पुढच्या महिन्याच्या पगाराचं काय, हा प्रश्न अनेक संघांपुढे उभा राहिला. गेम परतला तो २०२३च्या मे महिन्याच्या अखेरीस. मधले दहा महिने ज्यांनी जवळून पाहिले, ते ‘गेमिंगमध्ये पगार मिळतो का?’ या पालकांच्या प्रश्नाला आधी एक उलट प्रश्न विचारतात: तो पगार देतं कोण, आणि कशातून?

प्रस्तुत लेखक त्या काळात एका छोट्या संघाचे करार आणि हिशेब सांभाळत होता. बूटकॅम्प, म्हणजे संघानं एकत्र राहून सराव करायची जागा, हा नवी मुंबईतला भाड्याचा फ्लॅट होता. हॉलमध्ये लांबलचक टेबल, प्रत्येक खुर्चीपाशी चार्जर, फोनच्या पाठीला चिकटवलेला छोटा कूलर, अंगठ्यांवर घाम टिपणाऱ्या कापडी टोप्या. दुपारी सुरू झालेल्या स्क्रिम्स (सरावाचे सामने) मध्यरात्रीपर्यंत चालत. मुलं जीव तोडून खेळत. बंदीनंतरच्या महिन्यात मानधन निम्मं आलं, त्याच्या पुढच्या महिन्यात आलंच नाही. करार काढून वाचला तेव्हा एका कलमात लिहिलं होतं की गेम उपलब्ध नसेल तर मानधन स्थगित राहील. त्याच पानावर खाली दुसरं कलम होतं: मुदत संपेपर्यंत खेळाडू दुसऱ्या संघाकडून खेळणार नाही. ‘दादा, पगार बंद, मग मी मोकळा ना?’ असं संघाच्या आयजीएलनं, म्हणजे सामन्यात सूचना देणाऱ्या कर्णधारानं, विचारलं. कागदावर तो मोकळा नव्हता.

हे घडतं त्याचं मूळ या व्यवसायाच्या रचनेत आहे. कबड्डीचा कुणी मालक नाही. मैदान आखलं की खेळ सुरू. ई-स्पोर्ट्समधल्या प्रत्येक खेळाला मात्र मालक कंपनी असते. स्पर्धा कुणी घ्यायची, बक्षीस किती ठेवायचं, लीग चालू ठेवायची की बंद करायची, हे शेवटी तीच ठरवते. संघाचं उत्पन्न मुख्यतः प्रायोजक, गुंतवणूकदार आणि व्हिडिओंच्या जाहिरातींतून येतं. त्यामुळे खेळाडूचा पगार त्याच्या नेमबाजीइतकाच दुसऱ्यांच्या निर्णयांवर अवलंबून असतो.

पगारावर नीट जगता येतं, अशी उदाहरणं आहेत. अमेरिकेतल्या ‘लीग ऑफ लेजंड्स’च्या एलसीएस लीगमध्ये २०१८पासून कायमस्वरूपी संघांची पद्धत आली आणि खेळाडूचा किमान वार्षिक पगार ७५ हजार डॉलर ठरला. दक्षिण कोरियाच्या एलसीके लीगनं २०२१मध्ये तीच पद्धत स्वीकारताना किमान पगार २ कोटी वॉनवरून ६ कोटी वॉनवर नेला. ‘ओव्हरवॉच लीग’नं तर २०१८च्या पहिल्याच हंगामात किमान ५० हजार डॉलर, आरोग्य विमा आणि संघाच्या बक्षिसातला किमान निम्मा वाटा खेळाडूंना, असे नियम घातले. म्हणजे जिथे लीगच्या नियमात पगार लिहिलेला आहे, तिथे तो खरोखरची नोकरी ठरू शकतो.

पण त्या नोकरीचं आयुष्य पाहा. ओव्हरवॉच लीगमध्ये जागा घ्यायला सुरुवातीच्या संघांना प्रत्येकी सुमारे २ कोटी डॉलर मोजावे लागले होते. २०२३च्या हंगामानंतर लीगच गुंडाळली गेली. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेतल्या एलसीएस संघांवरची दुय्यम चमू बाळगण्याची सक्ती काढून टाकली गेली. बहुतेक संघांनी त्या चमू लगेच बंद केल्या. वरच्या फळीतल्या खेळाडूंनी खाली राहिलेल्यांसाठी खेळायला नकार दिला आणि लीगला हंगामाची सुरुवात दोन आठवडे पुढे ढकलावी लागली. ७५ हजार डॉलरची हमी मूठभरांना होती. त्यांच्या खालच्या पायरीवरच्यांची रोजीरोटी एका नियमबदलानं गेली.

प्रायोजकांचं तेच. २०२१मध्ये टीएसएम या नामांकित अमेरिकी संघानं एफटीएक्स या क्रिप्टो कंपनीशी दहा वर्षांसाठी २१ कोटी डॉलरचा करार केला. पुढच्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एफटीएक्स बुडाली आणि करार थांबला. फेझ क्लॅन हा दुसरा अमेरिकी संघ २०२२मध्ये सुमारे साडेबहात्तर कोटी डॉलरच्या मूल्यांकनावर शेअर बाजारात उतरला. २०२३मध्ये तो विकत घेण्याचा सौदा जाहीर झाला तेव्हा किंमत दोन कोटी डॉलरच्याही आत होती.

मग बक्षिसांवर विसंबावं का? ‘डोटा २’च्या ‘द इंटरनॅशनल’ स्पर्धेची बक्षीस रक्कम २०२१मध्ये ४ कोटी डॉलरवर पोहोचली होती, कारण चाहत्यांनी घेतलेल्या बॅटल पासच्या विक्रीतला २५ टक्के वाटा तिच्यात जमा होई. मालक कंपनी व्हॉल्वनं २०२३मध्ये ही पद्धत बदलली आणि रक्कम ३१ लाख डॉलरच्या आसपास आली.

आपल्याकडचं गणित तर आणखी तोकडं. समजा, संघाला १० लाखांचं बक्षीस मिळालं. आयोजकानं ३० टक्के टीडीएस कापला की उरले ७ लाख. करारानुसार संघाचा वाटा २० टक्के धरला तर राहिले ५ लाख ६० हजार, आणि पाच जणांत प्रत्येकी १ लाख १२ हजार. असं बक्षीस वर्षातून एकदा मिळालं तरी पुष्कळ म्हणायचं. त्यामुळे भार पुन्हा प्रायोजकांवरच येतो: भारतात संघांच्या नावांतच प्रायोजक आलेले दिसले आहेत, जसं ‘हीरो एक्स्ट्रीम गॉडलाइक’. मुंबईचा नमन माथुर ऊर्फ मॉर्टल पब्जीचा खेळाडू म्हणून नावारूपाला आला, पण देशभर घराघरांत पोहोचला तो स्ट्रीमर म्हणून. मुंबईच्याच ‘ग्लोबल ई-स्पोर्ट्स’ला ‘व्हॅलोरंट’च्या आंतरराष्ट्रीय लीगमध्ये २०२३पासून जागा मिळाली, तिथे पहिल्याच वर्षी कोरिया, इंडोनेशिया आणि फिलिपिन्सचे खेळाडू घेतले गेले. वरच्या पगाराच्या जागांसाठी स्पर्धा जगभरातल्या मुलांशी आहे.

म्हणून सही करण्याआधी काही गोष्टी पाहायलाच हव्यात. मानधन दरमहा ठरावीक आहे की ‘कामगिरीनुसार’? गेम बंद झाला किंवा स्पर्धा रद्द झाली तर काय? पगार थकला तर किती दिवसांनी खेळाडू आपोआप मोकळा होतो? बायआउटची, म्हणजे मुदतीआधी खेळाडू घ्यायला दुसऱ्या संघानं मोजायची, रक्कम किती? ती पगाराच्या कैक पट असेल तर दुसरा संघ विचारणारच नाही. करार संपल्यावरही अमुक महिने दुसरीकडे खेळू नये, असं कलम घातलेलं असतं. १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम २७पुढे असं बंधन सहसा टिकत नाही. मुदत चालू असतानाचं बंधन मात्र टिकू शकतं, तेव्हा मुदत शक्यतो एका वर्षापेक्षा जास्त नको.

स्ट्रीमिंग आणि जाहिरातींच्या उत्पन्नात संघाचा वाटा किती, हे स्वतंत्रपणे वाचावं. टर्नर टेनी ऊर्फ टीफ्यू या अमेरिकी खेळाडूनं २०१९मध्ये फेझ क्लॅनवर खटला भरला, कारण करारात काही प्रकारच्या जाहिरातींच्या उत्पन्नातला ८० टक्क्यांपर्यंत वाटा संघाला दिलेला होता. संघानं आरोप फेटाळले. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

सोळा-सतरा वर्षांच्या मुलाशी केलेला करार आपल्या कायद्यात मुळात रद्दबातल ठरतो. म्हणून आई-वडिलांची सही घेतली जाते आणि दंडाची जबाबदारी त्यांच्यावर टाकणारं कलम मागच्या पानावर असू शकतं. ते वकिलाला दाखवल्याशिवाय कुणी सही करू नये. बारावीची परीक्षा सोडून बूटकॅम्पला या, असं सांगणाऱ्या संघाला नकार द्यावा. ज्या संघाला खेळाडू टिकवायचा आहे, तो परीक्षेचे दिवस सोडतो. हातात पगार येऊ लागला की किमान सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवावा. बीजीएमआयच्या बंदीत टिकले ते ज्यांच्याकडे साठा होता किंवा दुसरं काम येत होतं: समालोचन, प्रशिक्षण, सामन्यांचं विश्लेषण, व्हिडिओ संपादन.

बाकीचं काम एकट्या खेळाडूच्या आवाक्यातलं नाही. दक्षिण कोरियात २०१९मध्ये ग्रिफिन संघातल्या एका अल्पवयीन खेळाडूच्या कराराचं प्रकरण गाजलं. त्यानंतर तिथे कायदा बदलला, सरकारनं नमुना करार काढले आणि अल्पवयीनांसाठी वेगळं परिशिष्ट दिलं. भारतात डिसेंबर २०२२मध्ये ई-स्पोर्ट्सचा विषय क्रीडा मंत्रालयाकडे आला आणि २०२५च्या ऑनलाइन गेमिंग कायद्यानं पैशांच्या खेळांपासून त्यांना वेगळं काढून मान्यता दिली. आता याच मंत्रालयाकडून नमुना करार मागून घ्यायला हवा, ज्यात थकलेल्या पगारावर सुटकेचा हक्क, बायआउटवर मर्यादा आणि अल्पवयीनांना संरक्षण, ही तीन कलमं तरी असतील. ही मागणी खेळाडू, पालक आणि पगार वेळेवर देणारे चांगले संघ यांनी एकत्र येऊन केली, तर त्या फ्लॅटमधल्या मुलांसारखी अडकण्याची वेळ पुढच्या तुकडीवर येणार नाही.